किटफॉक्समध्ये नवा रेडिओ बसवायचा आहे: अँटेना, वायरिंग आणि बोलण्याची पद्धत, सल्ला हवा

माळढोक

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहतो. मी आणि एक मित्र, आम्ही मिळून एक वापरलेलं किटफॉक्स विमान घेतलं आहे. दोन सीटचं, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे रोटॅक्स ९१२ इंजिन. उडायला फार गोड आहे, पण आधीच्या मालकाने बसवलेला रेडिओ त्रास देतोय.

बटण दाबून बोलायला लागलं की माझ्याच हेडसेटमध्ये चिरका आवाज घुमतो. टॉवरवाले म्हणतात की तुझा आवाज फाटतोय आणि मागे शिट्टी ऐकू येते. तीन हजार फुटांवर असलो तरी दहा-बारा मैलांच्या पुढे कुणाला धड कळत नाही. ऐकतानाही एक किणकिण असते, आणि इंजिनाचा वेग वाढवला की ती वर चढते.

आता नवा संच घ्यावा म्हणतोय. आयकॉमचा ए२१० की ट्रिगचा टीवाय९१, यात अडकलोय. विमान हौशी बांधणीच्या वर्गात नोंदवलेलं असल्यामुळे काम आम्ही स्वतः करू शकतो, वार्षिक तपासणी परवानाधारक मेकॅनिक करतो आणि तो अधूनमधून येऊन बघायला तयार आहे. देशातल्या देशात उडायचं तर इथे रेडिओसाठी वेगळा स्टेशन परवाना लागत नाही, कॅनडात जायचं ठरलं तर लागेल.

कोणता संच घेऊ, अँटेना कुठे बसवू, आणि रेडिओवर बोलायचं कसं याबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल. आमचं मैदान टॉवर नसलेलं आहे, त्यामुळे बोलण्याचा सराव कमी पडतो.

डाखणकाम

माळढोकराव, संच घेऊ नका. निदान आत्ता लगेच नको. नागपुरात विमानांच्या रेडिओ आणि इलेक्ट्रिकलवर माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि ‘रेडिओ खराब आहे’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत संच निर्दोष आणि अँटेना किंवा वायर दोषी हे इतक्यांदा पाहिलंय की मी डबा शेवटी उघडतो.

तुम्ही सांगितलेलं पहिलंच लक्षण बोलकं आहे. बोलताना स्वतःच्या कानात चिरका आवाज येतो म्हणजे अँटेनाकडे जायला हवी ती शक्ती केबलच्या बाहेरच्या अंगावरून परत कॉकपिटमध्ये येतेय आणि माइकच्या वायरीत शिरतेय. नवा सहा वॅटचा संच जोडलात तर त्या सहा वॅटचंही तेच होईल.

कारण समजून घ्या. विमानाचा बोलण्याचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. मधला १२७ धरला तर लहरीची लांबी साधारण २३६ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग ५९. म्हणून अँटेनाची काडी दोन फुटांच्या आसपास असते. पण काडी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या पायाखालचा धातू. अॅल्युमिनियमच्या विमानात पत्रा आयताच मिळतो. तुमच्या विमानात काडीखाली कापड आहे. कापडाखाली काय आहे ते आधी बघा आणि इथे लिहा.

माळढोक

डाखणकाम, आज केबिनच्या मागचं झाकण काढलं. अँटेना केबिनच्या मागे, वरच्या बाजूला आहे. तिच्याखाली तळहाताएवढी अॅल्युमिनियमची चकती, ती नळ्यांना वेल्ड केलेल्या दोन कानांवर स्क्रूने बसवलेली. नळ्यांवर इपॉक्सी रंग, कानांवरही रंग, आणि चकतीच्या खालच्या अंगालाही रंग. मल्टिमीटर लावला तर चकती आणि सांगाडा यांच्यात जोडच दाखवत नाही. केबलच्या टोकाचा बीएनसी कनेक्टर हलवला की आकडे नाचतात.

डाखणकाम

सापडलं की मग! तुमची अर्धी अँटेना कधी बसवलीच नव्हती.

आता करायचं असं. अँटेनाच्या बुडापासून चार दिशांना चार पट्ट्या न्या, प्रत्येक ६० सेंटिमीटरच्या आसपास. तांब्याची चिकट फीत चालते, पातळ अॅल्युमिनियमची पट्टीही चालते. पुढे-मागे जागा मिळते, आडव्या पट्ट्यांना मिळत नाही. तिथे पट्टी नळीच्या कडेने खाली वळवली तरी चालेल, गुंडाळी मात्र करू नका. चकती थोडी मोठी घ्या आणि चारही पट्ट्या तिला रिव्हेटने किंवा डाख देऊन पक्क्या जोडा. तांब्याच्या फितीचा नुसता चिकट भाग वीज नेईल यावर विसंबू नका. अॅल्युमिनियमला तांबं थेट टेकवलंत तर ओलाव्यात गंज धरतो, म्हणून तिथे कथील दिलेला पितळी किंवा तांब्याचा लग (जोडाची टिकली) वापरा.

अँटेनाच्या पायाखालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा, बसवल्यावर बाहेरून कडेला सीलंट लावा. पाया आणि चकती यांच्यातला रोध काही मिलिओहमच्या वर नको. साध्या मल्टिमीटरवर तो शून्यच दिसला पाहिजे. काडी उभीच ठेवा. जमिनीवरच्या अँटेना उभ्या असतात, तुमची आडवी झाली तर आवाज पडतो.

लहरी

इथे हौशी रेडिओवाला आहे, पुण्याहून. डाखणकाम यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात मापनाची भर घालतो.

हल्ली नॅनोव्हीएनए नावाचं अँटेना तपासायचं, हातात मावणारं यंत्र स्वस्तात मिळतं. ते रेडिओच्या टोकाला, म्हणजे पॅनेलमागच्या केबलला जोडा आणि ११८ ते १३७ चा आलेख काढा. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते याचा आकडा (१ सर्वांत चांगला), २ असेल तर ११ टक्के शक्ती परत येते, ३ असेल तर २५ टक्के. पूर्ण पट्ट्यात २ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, कडेला थोडा वर गेला तर जीव टाकू नका. फक्त ते यंत्र जोडलेलं असताना चुकूनही रेडिओचं बटण दाबू नका, जागेवर जळेल. माप घेताना माणसं आणि शिडी अँटेनापासून लांब ठेवा, आणि शक्यतो विमान हँगरच्या बाहेर काढा. पत्र्याच्या शेडमध्ये आलेख खोटा येतो.

केबलबद्दल बरेच गैरसमज आहेत. लोक म्हणतात आरजी-५८ या साध्या केबलमध्ये फार शक्ती वाया जाते. तीन मीटर केबलमध्ये ही गळती जेमतेम अर्धा डेसिबल, कानाला कळणारही नाही. तरीही आरजी-४०० जातीची केबलच घ्या, कारण वेगळं आहे. तिला दोन थरांची जाळी असते, त्यामुळे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत येत नाही. आणि तिचं आवरण टेफ्लॉनचं असतं. आरजी-५८ चं पीव्हीसी पेटलं तर दाट, विषारी धूर होतो आणि दोन सीटच्या केबिनमध्ये त्यातून सुटायला जागा नसते.

एवढ्या उंचीवरून किती लांब जायला हवं तेही सांगतो. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३, म्हणजे क्षितिजापर्यंतचे सागरी मैल. तीन हजार फुटांना ६७ मैल, जवळपास १२५ किलोमीटर. तुम्ही दहा-बारावर अडकलाय, म्हणजे केवढी गळती असेल बघा.

राईनकाठ

वाचतोय, धागा छान चाललाय. मी जर्मनीत ग्लायडर उडवतो. संच निवडताना एक मुद्दा लक्षात घ्या. युरोपात २०१८ पासून, काही सवलती सोडल्या तर, दोन वाहिन्यांमध्ये ८.३३ किलोहर्ट्झ अंतर ठेवणारे संच बंधनकारक आहेत. जुने २५ किलोहर्ट्झवाले काढावे लागले, आमच्या क्लबला तो खर्च चांगलाच जाणवला. पट्टा तेवढाच आणि विमानतळ वाढलेले, म्हणून एका वाहिनीच्या जागेत तीन बसवल्या. अमेरिकेत अजून २५ चालतं. पण नवा घेतच असाल तर दोन्ही जमणारा घ्या, उद्या विकताना गिऱ्हाईक मिळेल. टीवाय९१ मध्ये ते आहे.

अजून एक: इथे वैमानिकाच्या परवान्याखेरीज रेडिओची वेगळी परीक्षा द्यावी लागते. बीझेडएफ दोन म्हणजे फक्त जर्मन, बीझेडएफ एक म्हणजे जर्मन आणि इंग्रजी. त्या परीक्षेच्या तयारीने माझं बोलणं जितकं सुधारलं तितकं उडण्याच्या तासांनी सुधारलं नव्हतं.

नभांगण

मी बारामतीला फ्लाइंग शिकतेय. आपल्याकडे आरटीआरची, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा असते तसंच ना हे? आमच्यात सगळ्यांना पेपरापेक्षा तोंडी परीक्षेची धास्ती. आणि माळढोकदादा, भारतात असं स्वतः विमान उघडून रेडिओ बसवता येतो का?

डाखणकाम

नाही, ताई. आपल्याकडे व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानात हे काम परवानाधारक एएमईने (विमान देखभाल अभियंत्याने) करायचं. त्यात एव्हिऑनिक्सचा, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा बी-२ वर्ग असतो. विमानातल्या संचाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवानाही लागतो. हातात धरायचा विमानपट्ट्याचा संच ऑनलाइन मागवून घरी ठेवणंसुद्धा परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे, हौशी रेडिओचा परवाना त्याला चालत नाही. लहरी सांगतीलच.

आरटीआरचं म्हणाल तर पूर्वी ती परीक्षाही डब्ल्यूपीसीच घ्यायची. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, त्यात ते काम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आलं.

टॉवरवाले_काका

धागा आजच पाहिला. आयुष्य टॉवरमध्ये कानाला हेडफोन लावून गेलं, म्हणून बोलण्याच्या प्रश्नावर लिहितो. जरा लांबेल.

आधी एक तांत्रिक गोष्ट, कारण सगळं त्यावर उभं आहे. मोबाइल, गाणी, सगळं पुढे गेलं तरी विमानं अजून एएमवर बोलतात. एफएममध्ये एकाच वेळी दोघे बोलले तर जोराचा आवाज हलक्याला गिळून टाकतो आणि दुसरा बोलला हे कुणाला कळतही नाही. एएममध्ये दोघे एकदम बोलले तर शिट्टी वाजते. शब्द कळत नाहीत, पण कुणीतरी दबलं गेलंय एवढं कळतं. ती शिट्टी ऐकली की ‘ब्लॉक्ड’ म्हणायचं आणि परत विचारायचं. गृहीत धरायचं नाही.

२७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धुक्यात दोन जंबो एकाच धावपट्टीवर धडकले. केएलएम या डच कंपनीच्या विमानाला टॉवरने ‘ओके’ म्हटलं आणि पुढे लगेच सांगितलं की टेकऑफसाठी थांब, मी बोलावतो. त्याच क्षणी दुसऱ्या विमानातले, पॅन अॅमचे लोक सांगत होते की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही संदेश एकमेकांवर पडले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ पोचलं आणि पुढे तीन-चार सेकंद शिट्टी. ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण दोन्ही विमानांना वाचवू शकणारं वाक्य त्या शिट्टीत होतं. त्या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, हा नियम पक्का झाला.

आपल्याकडचं, हरियाणातलं चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. सौदियाचं विमान दिल्लीहून चढतंय, त्याला १४,००० फुटांची परवानगी. कझाकस्तानचं उतरतंय, त्याला १५,००० वर थांबायला सांगितलेलं. समोरून विमान येतंय हेही दिल्लीने सांगितलं होतं. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघायचं. विमान १५,००० च्या खाली गेलं आणि दोन्ही हवेतच धडकली. ३४९ जण गेले. म्हणून नवीन मुलांना मी सांगत असे, परवानगी नुसती परत म्हणू नका, म्हणताना डोळे त्या काट्यावर असू द्या.

आता माळढोक, तुमच्यासाठी. वाहिनी बदलली की आधी ऐका. दोन विमानांचं बोलणं अर्धवट असेल तर ते पुरं होऊ द्या. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग तोंड उघडा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि तो बहुतेक वेळा कुणाला उद्देशून आहे हाच असतो. माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. आवाज गाळणारे माइक लांब धरले की तुमचाच आवाज गोंगाट समजून गाळतात. ओरडू नका. एएममध्ये ओरडलं की आवाज फाटतो, मोठा होत नाही.

टॉवर नसलेल्या मैदानावर तुमच्याकडे १२२.८ सारख्या वाहिन्या अनेक मैदानं मिळून वापरतात. म्हणून मैदानाचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे घ्या. मग तुम्ही कोण, कुठे, काय करणार. ‘आसपास कोणी असेल तर कळवा’ असं विचारू नका, अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत तसं न म्हणण्याची स्पष्ट सूचना आहे. सगळे एकदम उत्तर द्यायला लागतात आणि पुन्हा शिट्टी.

आपल्या मराठी जिभेबद्दल एक. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ खरखरीत सारखे ऐकू येतात, म्हणून ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’. ते म्हणायला लाजू नका.

माळढोक

काका, तुमचा प्रतिसाद मित्राला वाचून दाखवला, त्याला मराठी येत नाही म्हणून ओळ ओळ समजावून.

कामाचा अहवाल. जुन्या चकतीच्या जागी मोठी चकती आणि चार पट्ट्या बसवल्या, आडव्या दोन नळीच्या कडेने खाली वळवल्या. रंग खरवडला. नवी आरजी-४०० ओढली, दोन्ही टोकांना बीएनसी रॅचेटच्या क्रिंपरने दाबले. जुना कनेक्टर कापून बघितला तर जाळीचा एक केस मधल्या पिनेला टेकत होता. लहरी यांच्या सांगण्याप्रमाणे मोजलं: १२७ वर आधी ४ च्या वर होतं, आता १.६, आणि दोन्ही कडांना २ च्या आत.

जुनाच संच लावून बोललो. चिरका आवाज गेला! टॉवरने आवाजाला पाचपैकी पाच दिले. किणकिण मात्र आहे तशीच आहे.

डाखणकाम

झकास. आता किणकिण.

ती कुठून येतेय हे आधी ठरवा. इंजिन चालू असताना रेडिओच्या मागून अँटेनाची केबल काढा. फक्त ऐकायचं, या अवस्थेत बटण दाबायचं नाही. किणकिण थांबली तर ती हवेतून अँटेनावाटे येतेय. तशीच राहिली तर वीजपुरवठ्यातून किंवा हेडसेटच्या वायरीतून येतेय. मग एकेका उपकरणाचा ब्रेकर ओढून, म्हणजे त्याची वीज तोडून बघा.

आवाजाची जातही सांगते. वेगाबरोबर चढणारी सुरेल किणकिण म्हणजे चार्जिंग, वेगाबरोबर जलद होणारी टिकटिक म्हणजे इग्निशन, वेग बदलला तरी न बदलणारी खरखर म्हणजे दिवे किंवा यूएसबी चार्जर. रोटॅक्सच्या चार्जिंग रेग्युलेटरच्या पुढे २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असायला हवा, बसवणीच्या पुस्तकात तो सांगितलेला आहे. तो जुना झाला की कोरडा पडतो, बाहेरून धडधाकट दिसतो.

दुसरा संशयित: हेडसेटचे जॅक. माइकचा जॅक ५.२ मिलिमीटरचा, कानाचा ६.३ चा. दोन्हींची बाहेरची कडा धातूच्या पॅनेलला टेकता कामा नये, फायबरचे वॉशर घालून वेगळी ठेवायची आणि ऑडिओची जमीन (ग्राउंड) फक्त रेडिओपाशी एकाच जागी द्यायची. जॅक पॅनेलला टेकला की इंजिनाचा परतीचा प्रवाह तुमच्या कानाच्या वायरीतून वाट काढतो.

लहरी

यूएसबी चार्जरचं मनावर घ्या. स्वस्तातला चार्जर पूर्ण विमानपट्ट्यात कचरा टाकतो आणि स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना खरखर दाबणारी सोय, सारखा उघडतो. मग माणूस वैतागून स्क्वेल्च घट्ट करतो आणि लांबचं विमान ऐकू येत नाही.

माळढोक

केबल काढूनही किणकिण कायम होती. जॅक बघितले, चारही थेट अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसलेले, वॉशर नाहीत. वॉशर घातले, ऑडिओची जमीन रेडिओच्या मागे एकत्र आणली. तीन चतुर्थांश गेली. कपॅसिटर बदलला, उरलेलीही गेली. इंजिन पूर्ण वेगात असताना शांत हेडसेट पहिल्यांदा ऐकला.

जुना संच आता नीट चालतो, तरी तो बदलणार आहोत, कारण त्याची वाहिनी फिरवायची बटणं झिजली आहेत आणि अंक उन्हात दिसत नाहीत. राईनकाठ यांच्या मुद्द्यावरून टीवाय९१ घेतोय.

नभांगण

काका, रेडिओ पूर्ण बंद पडला तर? परीक्षेत विचारतात म्हणून दिव्यांचे रंग पाठ केलेत, पण प्रत्यक्षात कुणी वापरतं का?

टॉवरवाले_काका

वापरतात, ताई. प्रत्येक टॉवरमध्ये ती बंदुकीसारखी बत्ती असते. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतर, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरायला परत ये, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या चालू ठेव, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा, उतरू नको. ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रावर, ७६०० लावायचं, ती रेडिओ बंद पडल्याची खूण. पण त्याआधी आवाजाचं बटण, हेडसेटचा प्लग, ब्रेकर आणि आधीची वाहिनी बघायची. आणि बटण अडकलं नाही ना तेही. अडकलेलं बटण सगळ्यांचीच वाहिनी बंद पाडतं आणि ज्याचं अडकलंय त्यालाच ते कळत नाही.

जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं तेव्हा त्यांच्या पस मॉथमध्ये रेडिओ नव्हताच. तेव्हा आकाश रिकामं होतं.

लहरी

माळढोक, हातातला संच जवळ ठेवणार असाल तर बाहेरच्या अँटेनाची केबल पॅनेलवर काढून घेता येईल अशी सोय आत्ताच करा. केबिनमधल्या रबरी काडीवर जेमतेम काही मैल मिळतात, छतावरच्या अँटेनावर तोच संच कितीतरी लांब बोलतो. हेडसेटचा अडॅप्टरही घ्या, नाहीतर इंजिनाच्या आवाजात ऐकू येणार नाही.

डाखणकाम

नवा संच आला की ब्रेकर त्याच्या पुस्तकात लिहिलेल्या अँपिअरचाच घाला, जुना बसतोय म्हणून तोच ठेवू नका. वजनाचा हिशोब नव्याने करा, लॉगबुकात नोंद करा, मेकॅनिकला दाखवा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. किटफॉक्सचं पॅनेल लहान, त्यामुळे संच होकायंत्राच्या जवळ येतो. सगळं बसवून झाल्यावर विमान मोकळ्या जागी उभं करा, इंजिन चालू, रेडिओ चालू, आणि बटण दाबल्यावर होकायंत्राची सुई हलते का बघा. बोलताना दोन-तीन अँपिअर वाहतात, त्या वायरी सुईच्या मागून गेल्या असतील तर हलेल. हलली तर प्लस आणि मायनस वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या आणि होकायंत्रापासून लांबून न्या. मग होकायंत्राचं दुरुस्तीचं कार्ड, म्हणजे कोणत्या दिशेला ते किती चुकतं त्याचा तक्ता, नव्याने भरा.

माळढोक

हे डोक्यातच नव्हतं. वायरी अजून उघड्याच आहेत, पॅनेल बंद करायच्या आधी पीळ देऊन घेतो. होकायंत्राचे आकडे इथेच टाकतो.